रुद्रने गॅस पेटवला

...नाही, पण मला एक सांगा, आणखी किती दुःख द्यायचं हो एका हिरोला? बाप लहानपणीच घालवला. बहीण पळून गेली. जिच्यावर जीव, तिचं लग्न दुबईवाल्याशी लावून दिलं. डाव्या पायाने लंगडतो. आईला डोळ्यांनी दिसत नाही, आणि शेवटी ती आईपण मरते! आता ह्याच्यापुढे काय करू? भूकंप आणू? आणि एवढं करून माझ्या त्या हिरोसाठी, रुद्रसाठी, एका बाईने टिपूस काढलं नाही... आणि रडल्या कोणासाठी? सांगू? नको, आत्ता नको, तुमचा विश्वास नाही बसायचा. मी समोर होतो, मला अजून बसत नाही. हादरलो हो, मी हादरलो!

त्याचं काय आहे, मी शेखर, तसा विम्याच्या ऑफिसातला माणूस. सिडकोत राहतो, पण आत कुठेतरी पटकथाकार. मागे कॉलेज रोडला पटकथालेखनाचं शिबिर झालं, मुंबईहून एक सर आले होते. काळा कुर्ता, काळा चष्मा... हॉलमध्ये! दिवे लावलेत, पंखे चालू आहेत, आणि ह्यांना ऊन लागतंय! आवाज असा, घशातून वर यायला कंटाळलेला. "मित्रांनो... प्रेक्षक... कनेक्ट... झाला पाहिजे." मग पाणी प्यायले. आम्ही वाट बघतोय. "पात्राला... जखम द्या." परत पाणी. "आणि दुःख मोठ्याने नको. आई मेली, तर पात्र रडणार नाही. पात्र चहा करेल. खिडकीत उभं राहील. एक घोट घेईल. बास." अहो, टाळ्या! मला तर तिथेच भरून आलं. म्हटलं शेखर, हाच आपला सीन.

पटकथा लिहिली. वर्षानुवर्षं लिहिली. बायकोला वाचून दाखवली. स्नेहल शांतपणे ऐकत होती, मला वाटलं झाली कनेक्ट! संपल्यावर म्हणते, "अहो, ह्या रुद्रला नोकरी नाही का?" म्हटलं, स्नेहल, त्याच्या आयुष्यात एवढी जखम आहे... तर म्हणते, "ते कळलं हो, पण नोकरी?" जाऊ द्या. घरच्यांचं काय मनावर घ्यायचं.

मग भेटले कुंदनशेठ. लासलगावचे कांद्याचे व्यापारी. त्यांना पिक्चर काढायचा होता. का, ते विचारू नका, काहींना विहीर काढायची असते, ह्यांना पिक्चर. मी संहिता त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली नाही, आधी हातावर तोलली. मग खालून हात घातला आणि मधलंच एक पान ओढलं! म्हटलं, शेठ, सुरुवातीपासून... तर म्हणतात, "शेखरभाऊ, ट्रॉलीत वरचा थर सगळेच चांगला लावत्यात. आम्ही हात खालूनच घालतो." वाचलं. "'रुद्र लंगडत जातो.' का लंगडतो?" म्हटलं, ते पहिल्या पानावर आहे. "मंग हितं कसं कळणार?" अहो, पिक्चर काय मधून बघतात का? पण बोलणार कोण? शेवटी म्हणाले, "हे बघा, मला त्यातलं कळत नाय. आमच्या खळ्यावर बाया हायेत, त्यांच्यापुढं वाचा. रडल्या, तर पिक्चर करू. नाय रडल्या, तर चहा घ्या अन् जा."

खळं म्हणजे कांदा निवडायचं आवार हो. आणि तिथल्या बाया! ज्यांना जन्मात कांद्याने रडवलं नाही, त्यांना मी रडवायचं! पण स्वप्न होतं ना माझं, एकुलतं एक. ऑफिसातून रजा टाकली, एसटी पकडली, गेलो. बघतो तर कांद्याचा हा डोंगर, भोवती बाया, तोंडाला फडकी बांधलेली, नुसते डोळे दिसतात. म्हटलं उत्तम! आपल्याला तेवढेच बघायचेत.

वाचायला लागलो, आणि सालपटांचा तो धुरळा असा काही उडाला की पहिल्याच ओळीला माझ्याच डोळ्यांना धारा! "रुद्रचे वडील..." सूं... "रुद्र लहान असताना..." सूं... बाजूला गोणीवर कुंदनशेठ, आणि समोर बसल्या होत्या सिंधुबाई, सगळ्या बायांच्या मुकादम. त्यांनी हात वर केला. "राहू द्या भाऊ. नका वाचू. लय जवळचं होतं का कोणी?" म्हटलं, नाही हो मावशी, हा कांदा... तर शेजारणीकडे वळून हळूच म्हणतात, "आसंच म्हणत्यात बिचारे." आणि मला पाणी आणून दिलं! म्हणजे कनेक्ट झाल्या, पण कोणाशी? लेखकाशी! मला काय करायचंय?

तरी वाचत राहिलो. ह्यांचे हात चालूच. चांगला कांदा इकडे, बारका गोल्टी तिकडे, सडका मागे. आणि तसंच माझ्या पात्रांचं! बाप गेला... "आरारा." संपला बाप, मागे फेकला. बहीण पळून गेली... "पोरगा कामाला होता का?" म्हटलं, होता बहुतेक. "मंग बरंय." प्रेयसीचं लग्न, इथे मी आवाज कापरा केला, क्षणभर थांबलो, मान वळवली... "दुबईला? बाई गं, पोरीचं कल्याण झालं!" सगळ्या खूश! एकीने तर हात जोडून देवाचे आभार मानले! आणि रुद्र? लंगडतोय बिचारा पानापानातून. सिंधुबाई म्हणाल्या, "हा तुमचा रुद्र ना, गोल्टीत टाका." अहो, हिरो माझा! रात्रंदिवस सोसलाय मी तो! आता तुम्हाला म्हणून सांगतो, रुद्र म्हणजे थोडाफार मीच हो. आणि मी गोल्टीत! हादरलो हो, मी हादरलो!

म्हटलं थांबा, आईचा सीन येऊ दे. हुकमाचं पान! "आई जाते. घरात शांतता. आई बाहेरच्या खोलीत, पांढऱ्या चादरीखाली. शेजारच्या छायाकाकू दारातून डोकावतात आणि निघून जातात. रुद्र स्वयंपाकघरात येतो. गॅस पेटवतो. चहा ठेवतो. खिडकीत उभा राहून एक घोट..."

हात थांबले.

सगळ्यांचे! कांदा हातात तसाच. एवढं मोठं खळं, पण पापुद्रा हलेना. म्हटलं झालं! झाल्या कनेक्ट! सर, तुम्ही कुठेही असा... आणि सिंधुबाई उभ्याच राहिल्या. "काय केलं त्यानं?" म्हटलं, चहा. "मयत घरात अन् ह्यानं गॅस पेटवला?" म्हटलं, मावशी, ते त्याचं शांत दुःख... "आई बाहेर निजलीय अन् हा चहा पेला? साखर टाकली का?" आता काय सांगू, टाकली होती हो! मी लिहिलं होतं तसं, साखरेच्या चमच्याचा क्लोजअप! "बाई बाई बाई... साखर टाकून!" मागून एक म्हणाली, "लंगडतोय तेच बरंय मेला." मी कुंदनशेठकडे बघितलं, तर शेठचा चेहरा पांढराफटक. "शेखरभाऊ, तुम्ही चांगल्या घरचे ना?"

मला माहीत नव्हतं का? घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात, हे मला ठाऊक नाही? माझी आई गेली तेव्हा समोरच्या फ्लॅटमधून डबा आला होता. पिठलं खारट झालं होतं. आम्ही सगळे ते खारट पिठलं खात होतो आणि ढसाढसा रडत होतो, एकहीजण बोलला नाही की खारट आहे. मग हे मी का नाही लिहिलं? कारण सरांनी चहा सांगितला होता!

पण थांबा, धक्का पुढे आहे. सिंधुबाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ती छायाकाकू डोकावून गेली ना, ती कुठं गेली?" म्हटलं, घरी. एक ओळ आहे तिला, डायलॉग नाही. "घरी कशाला जाईल? भाकरी थापायला गेली ती. आता येईल पदराखाली झाकून. अन् दारातून पाहती तर काय, पोरगा चहा पेतोय! कुठं ठेवायच्या तिनं त्या भाकरी?" मागची म्हणाली, "परत बी नेता येत नाय. मयताच्या घरी नेलेली भाकर माघारी आणत नाय कोणी." आणि बघता बघता ती छायाकाकू, जिला मी नुसती डोकावायला आणली होती, ती त्या खळ्यात दारात उभी राहिली हो! पदराखाली गरम भाकरी, आत जाता येत नाही, परत फिरता येत नाही. सिंधुबाईंनी हातातला कांदा खाली ठेवला. "माझी सासू गेली तवा भावकीशी भांडण होतं. कोणी म्हंजे कोणी भाकर आणली नाय. लेकरं उपाशी निजली माझी. मी दाराकडं बघत बसले होते..." आणि फडकं डोळ्याला लावलं. मग दुसरीने. मग तिसरीने. अख्खं खळं रडतंय, कुंदनशेठ गोणीवर बसून रडतायत, मीही रडतोय, आणि ह्या वेळी कांद्याने नाही, खरं सांगतो. एका ओळीच्या बाईसाठी! हादरलो हो, मी हादरलो!

शेठने नाक पुसलं. "पिक्चर फायनल!" मी पायाच पडणार होतो. "पण पिक्चर छायाकाकूचा." म्हटलं, शेठ, आणि रुद्र? "रुद्र पाहिजे ना. पहिल्याच सीनला लागतो. काकूला भाकरी न्यायला एक मयत नको का? म्हातारीला कशाला मारता उगाच, हा मोकळाच हाय." म्हटलं, अहो, पण ते काम करणार कोण? "तुम्हीच की. डायलॉग नाय, लंगडायचं नाय, नुसतं पडायचं."

परवा खळ्यावरच तालीम झाली. सिंधुबाई छायाकाकू झाल्या. मी पांढऱ्या चादरीखाली. बाया एवढ्या रडल्या, एवढ्या रडल्या की काय सांगू! मला तर कृतकृत्य वाटलं, म्हटलं चला, मेल्यावर का होईना, आपला रुद्र कनेक्ट झाला. हळूच एक डोळा उघडला. तर एकही बाई माझ्याकडे बघत नव्हती! सगळ्यांची नजर सिंधुबाईंच्या पदराकडे. आणि सिंधुबाई, डोळ्याला धारा लागलेल्या, हुंदका आवरत मला म्हणाल्या, "भाऊ, जरा सरका तिकडं, भाकरी ठेवायला जागा नाय."

काय करणार... सरकलो.