रांगेतल्या चपला

सरकारी दवाखान्यात ईसीजीच्या रांगेत माझ्यापुढं दोघी बोलत उभ्या होत्या. त्यांच्यापुढं नुसत्या चपला.

“मावशी, ह्या कुणाच्या?”

“येडशीच्या शिवम्मा आज्जीच्या. छातीत कळा येत्यात, म्हणून लिंबाखाली पडल्यात. सरकव पायानं पुढं.”

“मग डॉक्टरला दावायचं की आधी.”

“दावलं. ईसीजीची पट्टी आणल्याबिगर तपासणार न्हाय म्हणला.”

“लई येळ लागतोय पण.”

“मशीनी दोन हायत, चालवणारा एकच. त्यालाबी सकाळी शिबिराला धाडलंतं.”

“आज्जीचाच नंबर आला बघा.”

“ती त्यांची सून आली. अगं, आण आज्जीला. नंबर धरलाय आमी.”

“आत्या गेल्या, मावशी. चपला तेवढ्या द्या. अनवाणी कसं न्यायचं त्यांना?”

“घे, बाई.”

“मावशी, आता आपला नंबर न्हवं?”

“व्हय. सरक पुढं.”