शंकरकाकांची ओळ

एका स्क्रिप्टनं मी चक्क एक माणूस पुसला होता, सांगतो ना. कन्हानच्या आमच्या बँडमास्तर दामूकाकांच्या वहीतल्या सगळ्या चाली मी नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवल्या. मग कॉम्प्युटरनं आपोआप करायच्या कामांची एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: फायलींना नावं द्यायची, क्रम लावायचा, ज्या वाद्याच्या ओळीत सूर नाहीत ती ओळ काढून टाकायची. दोन मिनिटांत काम फत्ते.

काकांनी प्रिंट पाहिली. "क्लॅरनेटची ओळ कुठं गेली गा?"

"रिकामीच होती, काका. एकाही चालीत सूर नव्हता."

"शंकरची होती ते. त्याले लिहून देल्लं त चिडे. मनानंच वाजवे."

शंकरकाकांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

"मग आता कोण वाजवतं?"

"कोनी नाही. चालीत त्याची जागा आली का आमी तेवढं थांबतो."

स्क्रिप्टमध्ये मी एक अट वाढवली: क्लॅरनेटची ओळ रिकामीच ठेवायची.