गाडी फोडायची न्हाई

न्हाई साहेब, ती गाडी गेममधली. तुमी मोबाईलमधला आवाज ऐकवलाव, आवाज आमच्या हरिओमचाच हाय, मी कुठं न्हाई म्हणतो — ‘गाडी फोडायची न्हाई, नुसता धूर काढायचा, ड्रायव्हर खाली उतरला की बसायचं’ — हेच ना? हे तर मलाबी रोज सांगायचं ते. नातू हाय माझा, मला न्हाई सांगणार तर कुणाला सांगंल? तुमी बसा आधी. बाजंवर बसा, ती खुर्ची मोडकी हाय. तुमी मैलूरचे, तुमाला मराठी कळतंय, लई बरं झालं. काल आलेले साहेब नुसतं कन्नड बोलायचे, अन् माझं कन्नड बाजारापुरतं — कांदा कसा दिला, वांगी कशी दिली. तेवढ्यावर नातवाची बाजू कशी मांडायची माणसानं? हरिओम कुठंय? सांगितलं की कालच, उदगीरला आत्याकडं गेलंय. यील. यील तवा यील.

गेमचं ऐका. मीबी खेळतो. हसायलाव व्हय? हसा, सगळं गाव हसतंय. आमची कलाबाई वारली तवापासून घरात आमी दोघंच, त्याचे आईबाप हैदराबादला कामाला. वीस-बावीस वर्साचं पोरगं, पण जेवताना सुद्धा मोबाईलमधी मुंडकं. मी इकडं बोलायलोय अन् ते तिकडं कुणाला तरी मारायलंय. मग म्हणलं, ह्याच्यासंग बोलायचं तर आपल्यालाच तिकडं जावं लागतंय. त्यानं बापाचा जुना मोबाईल दिला मला, कुठलं बोट कुठं ठेवायचं दाखवलं. मी पहिलीच गोळी घातली ती त्यालाच! ‘अप्पा, मला कामून मारायलास, मी तुझ्याच बाजूचा हाय की!’ म्हणून ह्याच बाजंवर गडाबडा लोळलं. म्हातारी गेल्यावर ह्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं असंल तर त्या दिवशी.

तर दुश्मनाची गाडी. बाकीची पोरं काय करतेत, गाडी दिसली की बाँब टाकतेत. गाडी जळती, आतला मरतो, अन् आपल्याला काय मिळालं? कायबी न्हाई, चाला पायी. हरिओमची युक्ती येगळी. थोड्याच गोळ्या घालायच्या, बॉनेटातनं धूर निघंल इतक्याच, अन् गप पडून राहायचं. भिंतीमागं म्हणा, गवतात म्हणा. आतल्याला वाटतं, मारणारा गेला. आपली गाडी बिघडलेली कुणाला बघवती? ते खाली उतरतंय, बंदूक खांद्याला अडकवतंय, पाना काढून नीट करायला लागतंय — हात गुतलेले, ध्यान गुतलेलं. तवा दुसऱ्या बाजूनं जायचं अन् गाडीत बसायचं. एवढंच. सगळा खेळ दम धरण्यात हाय, अन् ह्या पोरांना दम निघत न्हाई. मला निघतो. जन्मभर ज्वारीवरची पाखरं राखलीत मी. ‘आमच्या अप्पासारखा दम कुणालाच न्हाई’ असं दोस्तांना सांगायचं ते, मोठ्यानं, मला ऐकू जाईल असं. एकदा मी म्हणलं, आरं, ते बिचारं खाली बसून गाडी नीट करायलंय, अन् तू त्याच्या पाठीमागनं... तर म्हणलं, ‘अप्पा, ते मरत न्हाई, थोड्या वेळानं परत येतंय.’ अन् खरंच येतंय की साहेब. तेच कपडे, तेच तोंड, पळत पळत परत येतंय.

हुलग्याचं इचारलाव ना? व्हय, ते हुलगे आमचेच. राजेश्वरच्या रस्त्यावर सगळेच टाकतेत, मी एकलाच थोडाच हाय. काढणी झाली की डांबरावर पसरायचं, वरनं गाड्या गेल्या की शेंगा फुटतेत, मळणी होती. गुन्हा असंल तर असंल, पण कुणी आजवर इचारलं न्हाई. फक्त पातळ पसरावं लागतंय. जाड रास झाली की ते वेल चाकाच्या दांड्याला गुंडाळतेत, सायलेन्सरला चिकटतेत, अन् धूर निघतो. मग ड्रायव्हर शिव्या देत उतरतेत, गाडीखाली शिरतेत अन् वेल ओढून काढतेत. उतरावंच लागतंय, न्हाईतर गाडी पेटती. म्हणून मी काठी घेऊन बसतो तिथं, सारखा सारतो, पातळ करतो. त्या दिवशी वळणावर गुडघाभर रास झाली होती, खरं हाय. वाऱ्यानं झाली असंल. वारं नव्हतं? ...न्हाई, तसं वारं नव्हतं. मंग जनावरांनी लोटली असंल.

त्या दिवशी तिथं मेला त्या पिकअपवाल्याचं मला वाईट वाटत न्हाई असं समजू नका. शिवप्रसाद नाव म्हणं, आळंदकडचा. त्याची आई आली होती, भागम्मा, बघितलाव न्हवं तुमी? वळणावर बसली होती डांबरावर, जिथं झालं तिथंच. मी तांब्याभर पाणी घेऊन गेलो. ती पाणी प्याली अन् मला अप्पा म्हणली. कुणाच्या रानातले हुलगे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीबी न्हाई सांगितलं. कसं सांगावं? कुणाच्या मनात थोडंच होतं त्याला मारायचं. नुसती कडगंचीपर्यंत फिरवायची, अन् तिथंच सोडून यायची, दोस्तांत पैज — मंजे, ज्यानं कुणी केलं त्याचं असंच काही असंल, मी आपलं अंदाजानं म्हणायलोय. गाडी तिकडंच सापडली ना तुमाला? आतल्या मालाला हात लागला न्हाई ना? मंग? चोर अशी सोडतो व्हय गाडी? अन् त्यो बिचारा ‘निल्लो, निल्लो’, थांब थांब म्हणून वरडला, पण चालवणाऱ्याला काय कळावं आवाज खालनं यायलाय, त्याला वाटलं मागं उभं राहून वरडायलाय, म्हणून अजून जोरात दाबली त्यानं —

काय?

कुणी सांगितलं मंजे... गावात बोलतेत लोक. कोण मंजे, सगळेच. हाटेलात बोलतेत, देवळात बोलतेत. तिथं कुणीच नव्हतं? व्हय. कुणीच नव्हतं. लोकांनी पळत येऊन बघितलं तवा त्याच्यात बोलायला जीव नव्हता, व्हय, ते मीच सांगितलं काल त्या साहेबांना. मंग तो काय वरडला, हे...

पाणी देऊ का साहेब? थंड हाय, माठातलं.

मी होतो तिथं. लिवा. तुमी कामून थांबलाव, लिवा की. रास मीच घातली वळणावर, हुलगे माझे, रस्ता माझ्या पायाखालचा. बोरीच्या झुडपात मीच बसलो. दम मलाच हाय, आत्ता सांगितलं न्हाई का, ह्या पोरांना कुठला एवढा दम? त्यो उतरला, खाली शिरला, अन् मी दुसऱ्या बाजूनं जाऊन बसलो. मला गाडी येत न्हाई असं कोण म्हणलं तुमाला? रोज चालवतो की मोबाईलवर. हरिओमच म्हणायचं, अप्पा, तू गाडी भारी चालवतूस. क्लच? क्लच... डाव्या पायाला. न्हाई, उजव्या. मला नाव सांगता येत न्हाई, पाय ठेवला की येतंय सगळं. हसू नका साहेब. मगाशी हसलाव तवा मला बरं वाटलं होतं, आता नका हसू.

आवाजाचं काय घेऊन बसलाव? आवाज त्याचा हाय, युक्ती त्याची हाय, पण ती गेमची. ती मी रस्त्यावर आणली, अडाणी माणूस, मला खेळातलं अन् खरं एक वाटलं, असं लिवा. पटंल लोकांना. सत्तरीचं म्हातारं, शाळा न्हाई, डोकं चालत न्हाई. त्याला अजून लगीन करायचंय, आईबाप बघायचेत. मला काय, बसायचंच हाय, इथं बसलं काय अन् तिथं बसलं काय. चला, मी येतो. पटका घेतो अन् येतो. आत नका जाऊ. न्हाई, आत कुणी न्हाई, कडब्याची खोली हाय ती, म्हशीचा कडबा. साहेब, ऐका की. वरडू नका एवढं, हात जोडतो. जेवत न्हाई, निजत न्हाई, घास हातात धरून बसतंय. आज दुपारी कुठं डोळा लागलाय त्याचा —