भंगारात गेलेला कॉम्प्युटर

बाबांनी गॅलरीत लाकूड कोरायचं सीएनसी मशीन जोडलं आणि त्यासाठी हौसेने नवा लॅपटॉप आणला. आईने लगेच जुना कॉम्प्युटर भंगारात काढला. संध्याकाळी बाबा मशीनच्या कंट्रोलरची रुंद वायर घेऊन हताश बसले. "ही लॅपटॉपला लागतच नाही गं!"

"ती जुन्या कॉम्प्युटरला मागे प्रिंटरची वायर लागायची, त्या जागेत लागते," मी म्हटलं.

"मग आधी बोलायचं ना!"

"तुम्ही किती खूश होता..."

आम्ही धावत भंगारवाल्या काकांकडे गेलो. कॉम्प्युटर शाबूत होता. "मागे ती प्रिंटरची जागा दिसली, म्हणून तोडला नाही," काका म्हणाले. "मशीनवाले हाच शोधत येतात."

कॉम्प्युटर उचलताना बाबा मला म्हणाले, "अख्ख्या मुलुंडमध्ये हे दोघांनाच कळत होतं, तुला आणि काकांना. त्यांनी निदान तो वाचवला तरी!"