शेवटची मूठ कुणी कापायची

—‘शेवटची मूठ घरच्या लेकीनं कापायची नाही, आणि का म्हणून विचारायचं नाही.’ तुला हे दोन नियम वाटले ना? छे, एकच आहे. वेल्टा आत्या एका दमात म्हणते. हलू नकोस, ब्रोच टोचेल. मी आठ वर्षांची असताना विचारलं होतं, का? तर भरल्या टेबलावरून उठवलं मला. उत्तर पुढे शेजारच्या बिरुता काकूनं दिलं — लेक आज ना उद्या हे घर सोडणार, तिनं शेवटचा गहू कापला तर यूमिस तिच्या मागोमाग दुसऱ्याच्या शेतात जाऊन बसतो म्हणे. यूमिस कोण? अगं, शेताचा जीव! आपण कापत जातो तसा तो मागे मागे सरकतो आणि शेवटच्या तुकड्यात दडून बसतो. तो तुकडा ठेवायचा, आणि दिवस-रात्र सारखे झाले की आभार मानून कापायचा. गातिसदादानं काहीच सांगितलं नाही? तो काय सांगणार — आठ वर्षं नॉर्वेत मासे कापतोय. तुला इकडच्याच लिएपाया शहरातून घेऊन आला, अंगणात उभं केलं, झालं! माझ्याहून वर्षानं लहान तू, आणि मी तुला वहिनी म्हणायचं. म्हणते की. वहिनी, मान वर करा.

हा ब्रोच आईचा आहे. आत्यानं सांगितलं का? ‘पेटीत पडला होता’ असं म्हणाली असेल. पडला नव्हता. दर हिवाळ्यात मी तो खडूनं घासते, फडक्यात गुंडाळते, परत ठेवते. एकदाही लावला नाही — मला कुणी लाव म्हणालंच नाही ना. आणि तुला? येऊन अकरा दिवस झाले नाहीत तर ‘सिग्नेला शोभेल.’ शोभतोय, तेच तर. खांदे चांगले आहेत तुझे. काल जेवताना तू काम करायचीस त्या दातांच्या दवाखान्यातला किस्सा सांगितलास, म्हातारा कवळी विसरून गेला तो, तर बाबा हसले. आवाज करून हसले! आई गेल्यापासून मी सहा वर्षं या माणसाला हसवायला काय काय नाही केलं, आणि तू एका कवळीवर... कुत्रंसुद्धा तुझ्या पायाशी झोपतं हल्ली. त्याला मी बाटलीनं दूध पाजलंय.

नाही, रागावले नाहीये. शालीचं टोक धर.

आई होती तोवर ठीक होतं, ती या घरची सून, ती कापायची. ती गेली त्या वर्षी मला वाटलं, आता मी. येल्गावाला शेतकी शिकत होते, परीक्षा सोडून आले. तर आत्यानं कुणाला बोलावलं? बिरुता काकूला! दुसऱ्याच्या घरची बाई, गुडघे धरून आमच्या शेतात वाकली, आणि मी मागे बिअरचा जग घेऊन उभी. अशी सहा वर्षं. हे शेत नांगरते कोण? मी. हार्वेस्टर कोण चालवतं? ओढ्याकडच्या कोपऱ्यात चाक रुततं, तिथून कसं वळवायचं ते बाबांनाही ठाऊक नाही. गेल्या महिन्यात पाऊस हटेना, तेव्हा चार दिवस रोज पहाटे जाऊन ओंब्या चुरडून दाणा बघत होते मी — ओला, ओला, ओला — पाचव्या दिवशी कोरडा. बाबा काय म्हणाले? ‘गातिस येतोय, त्याची बायको यंदा कापेल. घराला बाई आली.’ घराला बाई आली! मग मी कोण होते, कपाट?

हो, जळते मी तुझ्यावर. ऐक आता, विचारलंस ना परवा, माझं काही चुकलं का म्हणून. तुझं काही चुकलं नाही. तू चांगली आहेस, त्याचाच जास्त त्रास होतो.

काय? हाताला काही नाही, खरचटलंय. विळा जरा... कसला विळा, हार्वेस्टरनं खरचटलं. — हो, हार्वेस्टर दोन आठवडे शेडमध्ये आहे, माहीत आहे मला.

बस जरा. दार लोटून घे.

पहाटे गेले होते. धुकं होतं, तुकडा दिसेपर्यंत बूट भिजले. एकटीच होते. मुळाशी पाव ठेवला, चीज ठेवलं, बिअर ओतली. आईसारखं सगळं मोठ्यानं म्हटलं — पाऊस थांबवलास, आभार. रानडुकरं ओढ्यापलीकडे ठेवलीस, आभार. बाबांचा खांदा निखळला नाही, आभार. मग माझं एक म्हटलं, ते तुला सांगणार नाही. थोड्या ओंब्या वाकवून दगडाखाली ठेवल्या, बाकीच्या कापल्या, त्यांचं कडं विणलं, रीतीप्रमाणे डोक्यावर घालून घरी आले. कोठारात कणगीवर टांगलंय. तुम्ही सगळे झोपला होतात. म्हणजे आता तू इतकी नटूनथटून जाशील तर तिथे बोडका कोपरा आहे आणि एक दगड.

रडू नकोस. — काय म्हणालीस? ‘मग कडं तूच घाल’? मोठेपणा नको दाखवूस, सिग्ने. मला दिलेलं नकोय. मी घेतलंय ते.

कुणाला हाक मारतेस? गातिसला कशाला... मार. मार हाक, होऊन जाऊ दे.

या. या सगळे आत. हो बाबा, खरं आहे. पहाटे, मीच. ओरडू नका, अंगणात बिरुता काकू केक कापतेय, तिला ऐकू जाईल. — काय? कोठारातलं कडं उतरवायचं, मागच्या वाटेनं शेतात न्यायचं, सिग्नेच्या डोक्यावर ठेवायचं आणि पुढच्या फाटकातून वाजतगाजत आणायचं? कुणाला कळणार नाही? अहो, कुणाला म्हणजे? शेताला कळणार नाही? इतकी वर्षं का म्हणून विचारू दिलं नाहीत मला, इतका तो पवित्र नियम, आणि आता फाटकाशी नाटक चालेल? गातिसदादा, तू गप्प बस, तुला गहू आणि ओट ओळखता येत नाही.

नाही. उतरवणार नाही मी. मी पेरलं, मी राखलं, मी आभार मानले. ते पुढच्या पेरणीपर्यंत तिथेच राहील आणि त्यातले दाणे मी पेरेन. कुठे जात नाहीये मी हे घर सोडून.

आत्या, तू दाराशी का उभी? अडुसष्ट वर्षं या घरात आहेस. लेक या घरची. कुठे गेलीस सोडून? तुझ्या मागोमाग कुणाच्या शेतात गेला गं यूमिस? दर वर्षी तूही जग धरलास ना, माझ्याआधी? तुझा तर हातही चांगला, आईला विणायला तूच शिकवलंस. तू सांग. तू म्हण, ‘लासमा, ते कडं उतरव.’ तू म्हणालीस तर विचार करेन.

बाबा, तुम्ही नाही. तिला बोलू द्या.

आत्या?