प्रश्नचिन्हांचा मेसेज

न्हाय, बसा हेतलताई, घाबरू नका — तुम्हाला कोण काय बोलणार न्हाय, बोलणार ते मला, मच्छीमार सोसायटीचा क्लार्क मी हाय ना. चहा घ्या. पण मला एक सांगा, आमच्या कॉम्प्युटरची मराठी अक्षरांची सेटिंग करायला तुम्ही पनवेलहून आलात, केलीत, बरं झालं — मग जमलं का बघायला मेसेज पाठवायचा तर माझ्या एकट्याच्या मोबाईलवर पाठवायचा की न्हाय? सगळ्या होड्यांना गेला तो. आणि मराठी उमटलंच न्हाय, परत आपली ती प्रश्नचिन्हांची रांग. आता बघा खिडकीतून. ऐन हंगामात सगळ्या माघारी येतायत, रिकाम्या.

का म्हणजे? प्रश्नचिन्हं आली की बंदर गाठायचं, असं ठरलंय आमच्यात. मीटिंग-बिटिंग न्हाय, आपोआप ठरलं. गेल्या वर्षी इथून वादळाचा इशारा गेला, चांगला मराठीत — तिकडे पोचली नुसती प्रश्नचिन्हं. लहान होडीवर वायरलेस कुठला, मोबाईलवरच सगळं. कोणी म्हणालं, जाहिरात असेल. माझ्या भावाने, दिनानाथने, मला फोन लावला. हसत होता. "सदा, हे काय पाठवलंयस रे?" मी "फिर मागे" म्हणेपर्यंत रेंज गेली. मग — असो. चहा गार होतोय तुमचा. तेव्हापासून वाचता येवो न येवो, सोसायटीकडून असलं काही आलं की लोक जाळी ओढतात आणि फिरतात.

आजचं डिझेल गेलं, मासळी गेली — शिव्या खाईन, सवय हाय मला. पण समुद्र बघा कसा शांत पडलाय. आज फुकटचे फिरले, मग पुढच्या वेळी खरंच वारा सुटला तर कोण फिरेल? सांगा ना. कोण न्हाय फिरणार. म्हणून मी खोटं बोलणार, दुसरं काय करू — इशारा खरा होता म्हणणार, वादळ बाहेरच्या बाहेर वळलं म्हणणार. तुम्ही फक्त टेस्टिंग हा शब्द तोंडातून काढू नका.

ती पुढची होडी दिसते का, सगळ्यांच्या आधी धक्क्याला लागतेय ती? विनेशची, दिनानाथच्या पोराची. लई हट्टी, कुणाचं ऐकत न्हाय, मला वाटलं हा शेवटी येईल. पहिला आला बघा. जा तुम्ही आता. मागच्या दाराने जा.