सगळ्यांसाठी स्किप

पेलिकन, गुंडोअण्णा, पेलिकन — बगळा नव्हे, बगळ्याच्या घशात कुठली मावतेय हार्ड डिस्क! ती पिशवीसारख्या चोचीची, हेब्बाळच्या तळ्यावर येतात बघा, त्यातली एक. मी बाकावर बसलेलो, डिस्क मांडीवर, आणि ती आली चालत — चालत हो, बँकेत खातं उघडायला आल्यासारखी — आणि उचलली. पंधरा मिनिटं घशात. शेवटी तिथल्या वॉचमनने बांगडा दाखवला, तेव्हा कुठे बाईसाहेबांनी डिस्क टाकली. काय? ओली कशी नाही झाली? म्हणजे त्यांचा घसा आतून — बरं. बरं, राहू दे. तुम्ही बेळगावचे, तुम्हाला थाप पचत नाही हे विसरलोच. ह्या अख्ख्या कानडी शिवाजीनगरात — पुण्याचं नव्हे ते — मराठी बोलणारा एक दुरुस्तीवाला सापडला म्हणून जीभ जरा सैल सुटली, एवढंच.

तर डिस्क आपटलेली नाही, भिजलेली नाही. लावा तुम्ही तुमच्या मशीनला, मी बोलतो तोवर — बोललो नाही तर मला कसंतरीच होतं. कुणाची म्हणजे? एका मित्राची. नाही — बायकोची. प्रमोदिनीची. आता तुम्ही म्हणाल, बायकोची डिस्क घेऊन नवरा का आलाय? कारण तिला माहीत नाहीये ना मी आलोय ते! ती घरी उपमा करतेय. चार वाजता विद्यापीठातल्या नीलिमाबाई येतायत आमच्याकडे, ह्यातलं सगळं न्यायला — ह्यातलं म्हणजे, नव्या डिस्कवर घातलेलं — घातलेलं म्हणजे — स्वल्प थांबा, क्रमाने सांगतो.

चिकपेटच्या मागच्या गल्ल्यांत जुनी मराठी घरं आहेत, माहितीयत ना? रंगारी, शिंपी. किती पिढ्या झाल्या इथे येऊन त्यांनाही आठवत नाही. त्यांच्या म्हाताऱ्या जे मराठी बोलतात ते ना पुण्यात सापडेल, ना तुमच्या बेळगावात. अर्धं कन्नड, अर्धं तीनशे वर्षांपूर्वीचं, मधेच तमिळ. आमच्यासारखे नोकरीपायी आलेले लोक ‘अशुद्ध’ म्हणून मोकळे होतात, आणि आमची ही त्यावर जीव टाकते. अकरा वर्षं, अण्णा! दर शनिवारी रेकॉर्डर घेऊन मेट्रोने चिकपेट. सत्तेचाळीस म्हाताऱ्या, तीनशेवर तास. त्यातल्या एकतीस जणी आता नाहीत. एक अंबाक्का म्हणून होती, एक्क्याण्णव वर्षांची, ती तर हिला लेकच म्हणायची — ‘बस गे, ताक पी, मंग इचार.’ गेली, संक्रांतीला. आता तो आवाज कुठे आहे? तर इथे. ह्या तुमच्या टेबलावर. किंवा होता.

दुसरी प्रत? अहो, तीन प्रती होत्या! मीच केल्या होत्या, मी सव्वीस वर्षं रडारच्या कारखान्यात काढलीयत, मला काय सांगता. एक मूळ. एक ‘बॅकअप’ नावाच्या फोल्डरात. आणि एक ‘बॅकअप नवीन’मध्ये. हो — कुठे म्हणजे, ह्याच डिस्कवर. तिन्ही. असं बघू नका. मी प्रमोदिनीला सांगितलं होतं, तीन ठिकाणी सुरक्षित आहे, आणि तिने रेकॉर्डरचं कार्ड निर्धास्त पुसून पुन्हा पुन्हा वापरलं. वह्यांत लिहिलंय तिने सगळं, पण वहीतून आवाज कुठला येतोय?

मग मागच्या आठवड्यात ही म्हणाली, जुन्या डिस्कचा भरवसा नाही, नव्या डिस्कवर हलवून द्याल? मला सांगितलं तिने! मला! मी म्हटलं, हा बघ चुटकीसरशी. लावल्या दोन्ही, इकडून ओढलं, तिकडे सोडलं — आणि आली पाटी. ‘ही फाइल हलवायची तुम्हाला परवानगी नाही.’ घ्या! माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या फाइलीला मला परवानगी नाही! तिचा जुना लॅपटॉप, त्यावरचं तिचं खातं, त्या खात्याच्या नावावर सगळ्या फाइली, आणि तो लॅपटॉप तर आम्ही कधीच टाकून दिला. म्हणजे मालक बेपत्ता आणि कुलूप जागेवर. हो, आता कळलं, दोन मिनिटांचं काम असतं, मालकी आपल्या नावावर करून घ्यायची. तुम्हाला दोन मिनिटांचं! मला तेव्हा काय दिसत होतं? खाली ‘स्किप’, आणि त्याच्या शेजारी एक बारीक चौकोन — सगळ्यांसाठी हेच करा. मी चौकोनात टिक केली. आणि स्किप दाबलं.

चार मिनिटांत झालं, अण्णा. तीनशे तास चार मिनिटांत! मी प्रमोदिनीला बोलावून दाखवलं, म्हटलं बघ डिस्क, विमान आहे विमान. तिने नावं मोजली, सत्तेचाळीस. अंबाक्काच्या नावावरून बोट फिरवलं. म्हणजे डबे मोजून घेतले, झाकण एकाचंही उघडलं नाही. फोल्डर तेवढे गेले होते, रिकामे. फाइली सगळ्या इकडेच, ह्या जुन्या डिस्कवर. इकडेच होत्या हो त्या, जिथल्या तिथे! तिने नव्या डिस्कला कापडाची पिशवी शिवली — आणि मी त्याच संध्याकाळी जुनी फॉरमॅट केली.

का म्हणजे? रिकामी हवी होती. काहीतरी ठेवायला. नाही, ठेवलं नाही काही. छे. फॉरमॅट केली, ड्रॉवरमध्ये टाकली, बस. नंतर तिला हातही लावलेला नाही, देवाशपथ. आज दुपारी म्हटलं, नीलिमाबाईंना अंबाक्का ऐकवायची तर आधी लावून बघावी, म्हणून फोल्डर उघडला, तेव्हा कळलं. तसाच ही जुनी डिस्क घेऊन धावत — काय, दिसतायत? नावं दिसतायत? फाइली आहेत? अण्णा! अहो, तुमच्या तोंडात साखर — नाही, सरी सरी, बरं, घाई करत नाही. लावा ना, एखादी लावा. ती. अंबाक्काचीच लावा.

… ऐका. हीच. हाच तो आवाज. थोडा मोठा करा. ‘पातेलं चुलीवं चढलं की माझी सासू तोंडातनं शबुद काढू देत नव्हती गे, बोललं की रंग फाटतो म्हनायची. तर मी एक दिस काय केलं —’

बंद करा. बंद करा हो ते! दुसरी लावा, बॅकअपमधली. मधूनच लावा… ही पण. बंद करा.

हो, मीच तो. वाघाची गोष्ट सांगतोय. आणि हसतायत ते मंडळातले लोक. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मराठी मंडळात मी गोष्टी सांगतो, सहा वर्षं झाली, कुणी कुणी रेकॉर्ड केलेल्या, पेनड्राइव्हवर विखरून पडलेल्या. ही इतक्या निगुतीने सगळ्यांचे आवाज जपते, म्हटलं, आपल्याही बडबडीला एक घर असावं. पुसलेल्या डिस्कवर त्या भरल्या. सगळ्या. सांगायला हवं होतं तुम्हाला, माहितीय. पण मला काय ठाऊक, त्या जाऊन बरोबर अंबाक्काच्या तोंडावर बसतील! कितींवर बसल्यात? … निम्म्याहून जास्त?

अण्णा, एक विचारू का — काय केलं असेल हो तिने? त्या दिवशी, चुलीपाशी? प्रमोदिनीला ठाऊक असेल. ती तिथे बसली होती ऐकत. अशी बसते ना ती, हनुवटीला हात लावून. माझ्यासमोर कधी बसली नाही तशी. मी सुरू झालो की उठून कणीक मळायला घेते. बरोबरच आहे म्हणा, बावीस वर्षं थापा ऐकायच्या म्हणजे. आणि ती पाटी — मी वाचली होती, अण्णा. न वाचता दाबलं असं सांगणार होतो तुम्हाला. पूर्ण वाचली होती. वाटलं, दोन-चार म्हाताऱ्या राहिल्या मागे तर काय बिघडतंय. सत्तेचाळीस आहेत.

तिचाच फोन. चार वाजून गेले? काय सांगू हिला? एखादी चांगली रचायला पंधरा मिनिटं तरी — खरं? नुसतं खरं? सवय नाही हो मला. बरं.

हॅलो. हो, शिवाजीनगरात आहे. आल्या का नीलिमाबाई? ऐक. नाही, आधी ऐक. नव्या डिस्कवर काही नाहीये. नुसती नावं आहेत. फाइली अडल्या आणि मी सगळ्यांसाठी स्किप केलं. मग जुनी पुसली. मग तिच्यावर माझ्या गोष्टी भरल्या. आता अंबाक्का बोलता बोलता मधेच मी बोलायला लागतो. … अगं नाही. … अगं, शपथ. … प्रमोदिनी, तुझ्या गळ्याची शपथ —

हसतेय, अण्णा.

नीलिमाबाईंना सांगतेय, ऐका, आमच्या ह्यांची ताजी थाप. … नाही हो नीलिमाबाई, ही गोष्ट नाही, तुम्ही तरी — त्याही हसतायत. अण्णा, तुम्ही बोला, दुकानाचं नाव सांगा, धरा… बघा, म्हणते, ह्या वेळी साथीदारसुद्धा? पहिल्यापासून सांगा म्हणते, स्पीकरवर टाकते, नीलिमाबाईंनी सुरुवात ऐकली नाही. … प्रमोदिनी, ती डिस्क देऊ नको. उघडून बघ एकदा. एक फोल्डर उघड — दिली? पिशवीसकट?

… ठेवला फोन.

नाही. काही बोलू नका आता. तुमचं चालू द्या.